मोर्शी ते अकोला, बिनतारी

लग्न ठरलं तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांबद्दल आमच्या घरी एवढंच माहीत होतं, की त्यांचा मोर्शीला संत्र्याचा बगीचा आहे, अमरावतीच्या बाजारात फळांची अडत आहे, लढाईच्या वेळी ते ब्रह्मदेशाकडे फौजेत होते, आणि त्यांना एक नाद आहे. नाद कसला, ते कुणी नीट सांगितलं नव्हतं. वडिलांनी मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारलं, पिण्याचा तर नाही ना. मध्यस्थ म्हणाला, नाही, यंत्राचा आहे. वडिलांना एवढं हायसं वाटलं की कुठलं यंत्र, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही.

माझे वडील अकोल्याच्या तार ऑफिसात होते. दिवसभर यंत्रावर बसलेला माणूस घरी आल्यावर तरी हात स्वस्थ ठेवेल, पण नाही. जेवताना ताटाच्या कडेवर बोटाच्या नखानं काहीतरी वाजवत असायचे. लहानपणी मी विचारलं, हे काय वाजवता, तर म्हणाले, तुझं नाव. मग मला माझं नाव ताटावर वाजवता येईपर्यंत चैन पडली नाही. नावातून अक्षरं सुटी झाली, अक्षरांतून दुसरे शब्द झाले. कट्ट म्हणजे आखूड, कडकट्ट म्हणजे लांब, सगळी इंग्रजी बाराखडी त्या दोन आवाजांतच. आईच्या भाजीत मीठ कमी पडलं तर आम्ही बापलेक ताटावर तेवढं बोलून घ्यायचो आणि हसायचो. मॅट्रिक झाल्यावर मी म्हटलं, मीही तार ऑफिसात अर्ज करते. वडील म्हणाले, बघू. ते बघत होते तेवढ्यात हे स्थळ आलं.

अमरावतीच्या घरात समोरची खोली सासऱ्यांची. आमच्याकडच्या रीतीनं मी त्यांना मामाजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. मामाजी फौजेत सिग्नलच्या पलटणीत हवालदार होते. तिथं शिकलेली विद्या त्यांना सोडवेना, म्हणून परत आल्यावर त्यांनी परीक्षा देऊन सरकारचा हौशी बिनतारी परवाना काढला आणि जबलपूरला लष्करी सामानाच्या लिलावात निघालेला एक जुना सेट आणला. हिरव्या रंगाची, दोन माणसांनी उचलावी अशी लोखंडी पेटी. तिची तार खिडकीतून निघून गच्चीवरच्या बांबूला आणि तिथून मागच्या कडुलिंबाला गेलेली. दुपारी अडत बंद झाली की मामाजी जेवून त्या पेटीसमोर बसायचे. सरकारनं दिलेली स्वतःची खूण-अक्षरं, ज्याला ते कॉल साइन म्हणायचे, ती वाजवायची आणि कोण ओ देतं ते ऐकत बसायचं. घरात कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आत्याबाई म्हणायच्या, "शिट्ट्या ऐकत बसते माणूस, आनखी काय."

मी नवी सून. पहिले काही आठवडे मी स्वयंपाकघरातून त्या शिट्ट्या ऐकल्या आणि मलाही काही कळलं नाही. माझ्या कानाला ताटावरचं कट्ट-कडकट्ट सवयीचं. इथं आखूड शिट्टी आणि लांब शिट्टी. मग एका दुपारी भाकरी थापताना अचानक एक अक्षर उमगलं आणि त्याच्या मागोमाग सगळीच आली. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावले की भांडी दिसायला लागतात, तसं झालं. मी कुणाला बोलले नाही. नव्या सुनेनं सासऱ्यांच्या गोष्टी चोरून ऐकाव्यात हे काही सांगण्यासारखं नव्हतं.

पण ते फार दिवस लपलं नाही. मामाजींचा एक सिलोनचा जोडीदार होता, रबराच्या मळ्यावर कामाला असलेला. तो काही दिवस हवेत आला नव्हता. त्या दुपारी तो आला आणि त्यानं कळवलं, की शेळीनं एरियलची दोरी खाल्ली, तार खाली आली, आणि आता शेळी बरी आहे पण बायको शेळीच्या बाजूनं आहे. समोरच्या खोलीत मामाजी मोठ्यानं हसले. त्याच क्षणी स्वयंपाकघरात मीही हसले.

मामाजींचं हसू थांबलं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ते कधी स्वयंपाकघराच्या दारात येत नसत, त्या दिवशी आले. मी पदर सारखा केला आणि परातीकडे बघत राहिले.

"सूनबाई, तुले समजते हे?"

मी मान हलवली. त्यांनी विचारलं कुणी शिकवलं, मी सांगितलं वडिलांनी.  ते आत्याबाईंना म्हणाले, भाकरी तुम्ही पाहा, हिला मी जरा घेऊन जातो.

त्या दिवसापासून माझी दुपार समोरच्या खोलीत जायला लागली. आत्याबाईंनी आधी कुरकुर केली, पण घरातलं काम आटोपून मी बसते म्हटल्यावर त्यांचाही विरोध मावळला. माझे मिस्टर सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांना या नादाची ना आवड ना नावड. बाबांना कुणीतरी बोलायला मिळालं याचं त्यांना बरंच वाटलं. हेडफोन एकच होता. मामाजींनी त्याचे दोन्ही कान सुटे केले, एक स्वतः धरायचे, एक मला द्यायचे. डोक्यावरचा पदर काढायचा नाही म्हणून मी तो पदरावरूनच कानाशी दाबून धरायची. आलेला निरोप मी लिहून घेई, ते उत्तर वाजवत. निरोप वाजवायच्या पितळी दांडीला की म्हणतात, त्या कीवर फक्त त्यांचाच हात. परवाना त्यांच्या नावावर, आणि बिनपरवान्याच्या माणसानं की वाजवणं गुन्हा. या बाबतीत ते फार कडक होते. एकदा ह्यांच्या मित्रानं गंमत म्हणून कीला बोट लावलं, तर मामाजींनी आधी स्विच बंद केला आणि मग त्याला चहा विचारला.

ऐकता ऐकता मला एक गोष्ट कळली, ती वडिलांनी कधी सांगितली नव्हती. प्रत्येकाचा हात वेगळा असतो. अक्षरं तीच, पण कुणी शेवटची लांब शिट्टी ताणतो, कुणी दोन शब्दांमध्ये श्वास घेतल्यासारखा थांबतो, कुणी घाईत अक्षरं एकमेकांवर चढवतो. मामाजी कॉल साइन यायच्या आधीच सांगायचे, हा बंगलोरचा म्हातारा, हा कलकत्त्याचा डॉक्टर. माणूस कधी पाहिला नाही, आवाज ऐकला नाही, पण हात ओळखीचा. मला वाटायचं, माझा हात कसा असेल. ताटावर वाजवताना ते कधी मनात आलं नव्हतं.

साठ सालच्या मागे-पुढे कधीतरी मामाजींनी स्पर्धेचं काढलं. हौशी बिनतारीवाल्यांची ती हिवाळी स्पर्धा, शनिवार-रविवारची. दोन दिवसांत जितक्या स्टेशनांशी बोलणं होईल तितके गुण. घरी बसून भाग घेता येई, पण एखाद्यानं गाडीत सेट बसवून गावोगावी हिंडत वाजवलं, तर प्रत्येक नव्या गावातून त्याच स्टेशनचे पुन्हा गुण. मामाजींकडे संत्र्यांसाठी घेतलेली जीप होती. गाडीतून सेट चालवायला वेगळी परवानगी लागते; ती मिळवायला त्यांनी वर्षभर पत्रं लिहिली होती. मार्ग त्यांनी मनाशी आखूनच ठेवला होता. मोर्शीहून निघायचं, चांदूर बाजार, परतवाडा, अंजनगाव, अकोट, तेल्हारा करत अकोल्याला पोचायचं. म्हणजे माझ्या माहेरी.

"लिहून घ्यायले तू चाल," ते मला म्हणाले.

आत्याबाईंनी ऐकलं आणि सांगून टाकलं, की सून सासऱ्याबरोबर जीपमध्ये गावोगाव हिंडली तर लोक काय म्हणतील. मामाजी म्हणाले, मग तुम्हीही चला. त्यांना वाटलं त्या नाही म्हणतील. आत्याबाईंनी धपाटे बांधले, लोणच्याची बरणी घेतली, आणि शनिवारी उजाडताच मागच्या सीटवर बॅटऱ्यांच्या शेजारी बसल्या.

मोर्शीच्या बगीच्यात आंबिया बहाराची तोड चालली होती. झाडाझाडाखाली संत्र्यांचे ढीग, पेट्यांत भरायचा गवताचा वास. विहिरीजवळच्या चिंचेवर गड्यानं दगड बांधलेली दोरी फेकली, तिनं तार वर ओढली. मामाजींनी जीपचं इंजिन बंद केलं, कारण इंजिन चालू असलं की कानात नुसती फडफड ऐकू येते. त्यांनी हात चोळले आणि हाक घातली. पहिली ओ भोपाळहून आली. मी वेळ, कॉल साइन, आवाज किती स्वच्छ ते लिहिलं. मग मुंबई, मग मद्रास, मग आमचा सिलोनवाला. त्यानं घाईतही शेळीचं कुशल कळवलं. स्पर्धेत गप्पा मारत नाहीत, पण मामाजींनी त्याला उत्तर दिलंच.

चांदूर बाजारला बाजार भरला होता. गावाबाहेर जीप उभी केली तरी तार बांधेपर्यंत माणसं जमली. एकानं विचारलं, फवारणीवाले का? तेव्हा मलेरियाची गाडी गावोगाव फिरायची. दुसऱ्याचं म्हणणं पडलं की आम्ही कापसाचा भाव सांगायला आलो आहोत. एका म्हातारीनं आत्याबाईंना विचारलं, यात गाणं लागते का? आत्याबाईंनी सरळ उत्तर दिलं.

"गाणं नाई लागत माय. नुसतं किरकिर करते. अन् हे दोघं सासरा-सून ते ऐकून कागद काळे करून राहिले."

लोक हसले आणि पांगले. मला मात्र आत्याबाईंच्या आवाजात राग नव्हता हे ऐकू आलं. परतवाड्याला त्यांनी स्वतः उतरून दोरीचं टोक धरलं. मुक्कामाला आम्ही अंजनगावला त्यांच्या बहिणीकडे थांबलो, तर रात्री जेवताना बहिणीला त्याच सांगत होत्या की आज आमचं मद्रासशी बोलणं झालं.

रविवारी सकाळी अकोट. तिथं मामाजींचा अंदाज चुकला. गावाजवळची जिनिंग फॅक्टरी चालू होती आणि तिच्या मोटारीच्या ठिणग्यांनी सगळी हवा खरखरत होती. कापसाच्या बंड्यांची रांग वेशीपासून रस्त्यापर्यंत. तिच्यातून जीप काढायलाच वेळ गेला. दोन-तीन स्टेशनं कशीबशी मिळाली. मामाजी चिडले नाहीत, पण त्यांनी उजवं मनगट डाव्या हातानं दोनदा दाबलेलं मी पाहिलं. मी विचारलं तर म्हणाले, काही नाही, जुनं आहे. ब्रह्मदेशात रात्र रात्र की वाजवून त्यांच्या मनगटात एक कळ बसली होती. फार वाजवलं की हात आखडायचा.

तेल्हाऱ्याच्या रस्त्यावर कापसाच्या शेतांमध्ये एक एकटं लिंबाचं झाड होतं. आसपास गाव नाही, मोटार नाही, विजेची तार नाही. दुपार कलायला लागली होती. तार वर गेली, मामाजींनी सेट लावला, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढी स्वच्छ हवा मी पुन्हा कधी ऐकली नाही. खरखर नाही, फडफड नाही, शिट्ट्या अगदी शेतातूनच आल्यासारख्या. मामाजींनी एक हाक घातली आणि एकदम आठ-दहा जण बोलले. तेल्हारा हे गाव कुणाच्या वहीत नव्हतं, सगळ्यांना ते हवं होतं. मामाजी एकेकाला घेऊ लागले. मी लिहीत होते, लिहिताना पुढचा कोण हेही ऐकत होते. आत्याबाई शेताच्या बांधावर कापूस वेचणाऱ्या बायांशी बोलत बसल्या होत्या. मला वाटलं, आता हे असंच संध्याकाळपर्यंत चालावं.

आणि मामाजींचा हात थांबला. आधी मला वाटलं ते ऐकत आहेत. मग पाहिलं, तर बोटं आत वळली होती आणि अंगठा हलत नव्हता. त्यांनी मनगट झटकलं, बोटं ओढून सरळ केली, पुन्हा की धरली. दोन अक्षरं झाली आणि हात पुन्हा आखडला. कानात लोक हाका मारत होते. कलकत्त्याचा डॉक्टर होता, एक नवाच आसामकडचा होता, अजून किती तरी.

मामाजींनी हात मांडीवर घेतला. किंचित बाजूला सरकले आणि की माझ्याकडे वळवली.

"आता तू घे," ते म्हणाले.

मी आधी समजलेच नाही. त्यांनी पुन्हा कीकडे बोट केलं.

"मामाजी, परवाना नाही ना मले."

"मले मालूम आहे."

ते माझ्याकडे बघत नव्हते, समोर शेताकडे बघत होते. मला त्यांचा नियम माहीत होता, तो मी त्यांच्याकडूनच शिकले होते. मनात आलं, हे माझी परीक्षा तर पाहत नाहीत? पण चेहरा तसा नव्हता. माझा हात उचललाही गेला होता, की आणि माझं बोट यांत वीतभर अंतर होतं.  मग मी हात मागे घेतला.

"पुढच्या वर्षी घेईन," मी म्हटलं. "परीक्षा देऊन. माझ्या नावावर."

 "बरं," ते म्हणाले, आणि की पुन्हा आपल्याकडे वळवली. डाव्या हातानं वाजवू लागले. डावा हात सवयीचा नव्हता. अक्षरं तुटत होती, मधेच चुकत होती. काही जण थांबले, बरेचसे कंटाळून निघून गेले. आसामवाला गेला. हवा हळूहळू बदलली, दूरचे आवाज बुडाले, आणि सूर्य खाली येईपर्यंत कानात नुसती सळसळ उरली. मामाजींनी तार सोडवली, मी गुंडाळली. आत्याबाई बांधावरून आल्या, त्यांच्या ओच्यात तुरीच्या शेंगा होत्या. आमच्या तोंडाकडे बघून त्या म्हणाल्या, "काय झालं? भांडले का?" मामाजी म्हणाले, नाही, हात दुखला जरासा.

अकोल्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. वडील आणि मामाजी यांची ती पहिलीच नीट भेट. लग्नात दोघांना दोन शब्द बोलायची फुरसत मिळाली नव्हती. आईनं पाटवड्यांची आमटी केली होती. जेवता जेवता वडिलांचं नख ताटाच्या कडेवर गेलं आणि मामाजींनी न बघता त्याला उत्तर दिलं. आत्याबाई आणि आई एकमेकींकडे बघून हसल्या. वडिलांनी सगळा प्रवास विचारून घेतला आणि शेवटी विचारलं, आमच्या पोरीनं की हातात घेतली की नाही. मामाजींनी सांगितलं, मी देत होतो, तिनं घेतली नाही, परवान्याशिवाय नको म्हणाली. वडिलांचा चेहरा उजळला. तीस वर्षं सरकारच्या तारेवर बसलेला माणूस तो. ते म्हणाले, बरोबर केलंस, असंच पाहिजे. मामाजींनीही मान डोलावली. मला त्या वेळी फार अभिमान वाटला, हे मी लपवत नाही.

निकाल काही महिन्यांनी टपालानं आला. आमचा नंबर मधेच कुठंतरी होता, पण अख्ख्या वऱ्हाडातून गाडीवरचं एकच स्टेशन होतं आणि ते आमचं. मामाजींनी तो कागद अडतीवर नेऊन चार जणांना दाखवला. एकालाही त्यातलं काही कळलं नसणार.

परीक्षेचा अर्ज मामाजींनीच मागवला. नागपूरला जाऊन द्यायची होती. ऐकणं आणि वाजवणं मला जमत होतं, विजेचं शास्त्र ते मला शिकवू लागले. तेवढ्यात मला दिवस गेले. पहिल्या महिन्यांत उलट्यांनी मी इतकी हैराण झाले की समोरच्या खोलीत तापलेल्या सेटचा वास सोसवेना. मामाजी म्हणाले, काही घाई नाही, बाळंतपण होऊ दे. बाळंतपणाला अकोल्याला गेले, मुलगी झाली. ती सहा महिन्यांची झाल्यावर पुन्हा विषय निघाला, पण रात्रभर जागणाऱ्या पोरीला घेऊन विजेचे नियम पाठ करणं मला जमलं नाही. मीच म्हटलं, पुढच्या वर्षी.

मग चीनशी लढाई लागली. गच्चीवर बांबू आणि तार असलेल्या आमच्या घराकडे आळीतले लोक वेगळ्या नजरेनं बघायला लागले. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण पोरं एकमेकांना सांगायची की तिथं हेर राहतात. मामाजी स्वतः फौजेतले, पण त्यांनी एक दिवस गुपचूप तार खाली घेतली. मी विचारलं कोणी सांगितलं का, तर म्हणाले, सांगितलं नाही, पण लोक घाबरून राहिले. लढाई थांबली तरी तार लगेच वर गेली नाही. वर गेली तेव्हा माझ्या कडेवर धाकटा मुलगा होता आणि दुपारी समोरच्या खोलीत जाऊन बसणं कधीतरीचं झालं होतं. जात असे तेव्हा मामाजी काही न बोलता हेडफोनचा एक कान पुढं करायचे. परीक्षेचं त्यांनी स्वतःहून काढणं सोडून दिलं होतं. मीही काढलं नाही. असं वाटायचं की ते कुठं जातंय, नागपूर काही पळून जात नाही.

मामाजी गेले ते मोर्शीच्या बगीच्यात. तोड सुरू होती, झाडाखाली बसून पाणी प्याले आणि तिथंच कलंडले. गडी जीप घेऊन अमरावतीला निरोप द्यायला आला. त्या दिवसाचं बाकी काही मला धड आठवत नाही. ह्यांचा चेहरा तेवढा आठवतो, आणि आत्याबाईंनी समोरच्या खोलीचं दार आपल्या हातानं ओढून घेतलं ते.

परवाना त्यांच्या नावाचा, तो त्यांच्याबरोबर संपला. बिनपरवान्याच्या घरात सेट ठेवता येत नव्हता. ह्यांनी मला विचारलं, तुला ठेवायचा आहे का, म्हणजे परीक्षा वगैरे देणार आहेस का. ते मनापासून विचारत होते. पण घरात सुतक होतं, अडतीचे व्यवहार निस्तरायचे होते, मुलं लहान होती, आणि ह्यांची अकोल्याला बदली होणार असं ठरत आलं होतं. मी म्हटलं, राहू द्या. मामाजींच्या ओळखीचा नागपूरचा एक परवानावाला येऊन सेट घेऊन गेला. त्यानं पेटी उचलण्याआधी तिला हात लावून नमस्कार केला. मला तो माणूस आवडला आणि तरीही त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी आणि आत्याबाई खोली झाडायला गेलो. टेबलावर पेटीच्या जागेचा चौकोन धुळीत स्वच्छ उमटला होता. आत्याबाई खाली बसून तारांचे तुकडे गोळा करत होत्या. त्या म्हणाल्या, "तेल्हाऱ्याच्या रस्त्यावर तू की घेतली नाई ना."

मी म्हटलं, नाही घेतली, परवाना नव्हता.

"ते मले सांगितलं त्याईनं. चांगली पोरगी आहे म्हणे, नियमाची आहे. मंग मी म्हटलं, तं तुमी काहून देत होते? तुमीच तं कोणाले हात लावू देत नाई." त्यांनी एक तुकडा बोटाभोवती गुंडाळला. "तं म्हणे, इतके वर्ष साऱ्या दुनियेचे हात ऐकले, घरातल्या पोरीचा हात कसा येते ते एकदा ऐकायचं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तारा गोळा करत राहिल्या. माझी समजूत अशी होती की त्या दिवशी हात आखडला, गुण जात होते, म्हणून त्यांनी की पुढं केली. इतकी वर्षं मी तेच धरून चालले होते. आत्याबाईंना मी विचारलं, त्यांनी मला कधी का नाही सांगितलं हे. त्या म्हणाल्या, "तू म्हटलं ना पुढच्या वर्षी. म्हणून वाट पायली त्याईनं."

आम्ही अकोल्याला राहायला आलो त्याला आता फार काळ झाला. मुलं मोठी झाली, आपापल्या मार्गाला लागली. वडील होते तोवर कधी कधी त्यांच्याशी हा विषय निघायचा, आणि ते दर वेळी म्हणायचे की तू केलंस तेच योग्य होतं. मीही तसंच मानते. उद्या तसाच प्रसंग आला आणि कुणी विचारलं, तर परवान्याशिवाय की घेऊ नकोस असंच सांगेन. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. पुढच्या वर्षी हे शब्द मी इतक्या सहज बोलले, आणि पुढं वर्षं येत गेली तेव्हा त्यांतलं एकही मी त्या कामासाठी बाजूला काढलं नाही. माझ्याजवळ वर्षं खूप होती. मामाजींचं वय तेव्हा पन्नाशीच्या बरंच पलीकडे होतं, आणि हे मला रोज डोळ्यांसमोर दिसत होतं.